मीनाक्षीताईंचं लग्न क्लाउडमधून उतरेना

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत, मिरच्या कुटायच्या डंकाला अगदी खेटून, हितेंद्र पेडणेकरांचं 'पेडणेकर व्हिडिओ' हे दुकान आहे. शेजारी डंक सुरू झाला की दुकान थरथरायला लागतं, आणि आत आलेलं गिऱ्हाईक आधी शिंकतं, मग डोळे पुसतं आणि मग लग्नाची तारीख सांगतं. रडत रडत लग्न ठरवायला येणारी माणसं बघून नवीन लोकांचा भलताच गैरसमज होतो. पण हितेंद्रांना त्याची सवय झाली होती. त्यांची खरी काळजी वेगळीच होती. दुकानात हार्ड डिस्क ठेवता येत नसत. मिरचीची पूड आणि रात्रंदिवसाचे हादरे, असल्या जागी डिस्क जगणार कशा? म्हणून त्या घरी असत.

घर म्हणजे मागच्याच चाळीतल्या दोन खोल्या. त्यात हितेंद्र, त्यांची बायको बकुळा, मुलगी मेघना आणि लालबाग-परळमधल्या लोकांची तीस-पस्तीस वर्षांची लग्नं, मुंजी, बारशी आणि डोहाळजेवणं. तांदळाच्या डब्यामागे डिस्क, साड्यांच्या घड्यांत डिस्क, देव्हाऱ्याखाली डिस्क. डिस्कला थंडावा लागतो असं कोणीतरी हितेंद्रांना सांगितल्यापासून काही डिस्क फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी राहायला गेल्या होत्या.

"ह्या घरात परक्यांचे संसार नांदतायत आणि मला कढई ठेवायला जागा नाही," असं बकुळा अधूनमधून म्हणे. हितेंद्र हो हो म्हणत. मग एका रविवारी बकुळा बांगड्याचं तिखलं करत होती. तिने फ्रिजमधून कोकमाचा डबा ओढला, त्याच्यावरची डिस्क घसरली, आणि सावंतांच्या नातवाचं बारसं उकळत्या तिखल्यात पडलं.

हितेंद्र धावत आले, पण बारसं वाचलं नाही. बकुळाने चिमट्याने डिस्क बाहेर काढली, नळाखाली धुतली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली.

"अहो, मी एकदाच सांगते," ती म्हणाली. "ह्या घरात एक तर ही सगळी वऱ्हाडं राहतील, नाही तर मी राहीन. बांगडे काय भावाने मिळतात ठाऊक आहे?"

मेघना परळच्या एका काचेच्या टॉवरमध्ये कॉम्प्युटरचं काम करते. तिने जेवता जेवता उपाय सांगितला. "पप्पा, सगळं क्लाउडवर टाका. ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात. त्यांची मोठमोठी गोदामं असतात. आपण डबा द्यायचा, डब्यावर नाव लिहायचं, ते ठेवून घेतात. आत लग्न आहे की लोणचं, त्यांना काही देणंघेणं नसतं. पाहिजे तेव्हा नाव सांगायचं, डबा परत."

"आणि भाडं?"

"महिन्याला. तीन-चार कंपन्या आहेत. कोण स्वस्त आहे, कोण फास्ट आहे, ते जरा कंपेअर करायला लागेल."

कंपेअर हा शब्द कानावर पडताच बकुळा आणि हितेंद्र दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहिला होता.

अच्युत नवलकर हे हितेंद्रांचे साडू, बकुळाच्या मोठ्या बहिणीचे, मीनाक्षीताईंचे यजमान. राहायला शिवाजी पार्कला, तेही आजोबांच्या वेळेपासून. विमा कंपनीतून निवृत्त झालेले. तुलना केल्याशिवाय अच्युतरावांनी आयुष्यात काही घेतलेलं नाही. मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत त्यांची तुलना चालली होती, आणि तेवढे दिवस मीनाक्षीताई चटणी वाटायला शेजारच्या बाईंकडे जात होत्या. तो मिक्सर मात्र अजून चालू आहे, हे अच्युतराव प्रत्येकाला सांगतात. मीनाक्षीताई सांगत नाहीत.

निरोप मिळताच अच्युतराव दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर झाले. आधी शिंकले, मग म्हणाले, "हितेंद्र, तुम्ही योग्य माणसाला बोलावलंत. हे लोक जाहिरातीत वाटेल ते वेग सांगतात. आपण शर्यत लावू. एकच फाइल, एकच जागा, तीन कंपन्या. दूध का दूध, पानी का पानी."

शर्यतीसाठी हितेंद्रांनी एका ताज्या लग्नाची फाइल काढली. त्यात ड्रोन होता, धूर होता आणि नवरीची एंट्री क्रेनवरून होती, त्यामुळे एवढी जड फाइल दुकानात दुसरी नव्हती. डंक चालू असताना कॉम्प्युटर हलतो म्हणून अच्युतराव शेजारी जाईबाईंकडे गेले. डंक जाईबाईंच्या मालकीचा. एरवी तो बंद करायला त्या कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. पण शर्यत म्हटल्यावर त्यांनी स्वतः बटण दाबलं आणि स्टूल घेऊन दुकानाच्या दारात येऊन बसल्या. डंक थांबल्यावर गल्लीत एवढी शांतता पसरली की काय झालं बघायला माणसं खिडक्यांतून डोकावली आणि मग खालीच आली.

मेघनाने कंपन्यांची नावं सांगितली, पण ती कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. पडद्यावर एकीची पट्टी निळी, एकीची लाल आणि एकीची पिवळी होती. तीच नावं पडली.

"पिवळी जिंकणार," जाईबाईंनी जाहीर केलं. "हळदीचा रंग आहे."

"जाईबाई, ह्यात हळदीचा संबंध नाही," अच्युतराव म्हणाले.

"तुम्हाला मसाल्यातलं काय कळतं?" जाईबाई म्हणाल्या, आणि अर्धी गल्ली पिवळीच्या बाजूने गेली.

आधी तिन्ही पट्ट्या एकदम सोडल्या. तिघी मिळून इतक्या हळू सरकल्या की लोक कंटाळले. एकाच नेटवर तिघी ओढाताण करतायत हे अच्युतरावांच्या लक्षात आलं, म्हणून पुन्हा एकेक करून सोडायचं ठरलं. पहिली निघाली लाल. ती बऱ्यापैकी धावली. मग निळी निघाली, आणि तिने अर्ध्यावर जाऊन बसकण मारली. पिवळीवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मेघनाने मान वळवून गर्दीकडे पाहिलं, तर निम्मी पोरं आणि निम्म्या बायका हात वर करून मोबाइलवर शर्यत लाइव्ह दाखवत होत्या. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होता, कारण तो दुकानाच्या पाटीवर फोन नंबरच्या खालीच लिहिलेला होता.

"अरे, तुम्ही सगळे आमच्याच नेटवर आहात!" हितेंद्र ओरडले.

"मग शर्यत दाखवायची कशी, काका?" कोणीतरी तितक्याच जोराने विचारलं.

अच्युतरावांनी स्टुलावर चढून गल्लीला मोबाइल बंद करायला लावले. ते खाली उतरेपर्यंत जाईबाईंनी दोघांचे हिसकावून घेऊन हळदीच्या पोत्यावर ठेवलेही होते. मग शर्यत पहिल्यापासून, एकेक करून, पूर्ण शिस्तीत झाली. लाल गेली. निळी गेली. पिवळी गेली. अच्युतराव हातातल्या घड्याळावरून डोळा हलवत नव्हते. शेवटी त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता.

"बरोबरी," ते पुटपुटले.

"म्हणजे?" हितेंद्रांनी विचारलं.

"तिघींना सारखाच वेळ. हे शक्य नाही. मी बासष्ट वर्षांचा आहे, माझ्या तुलनेत आजवर बरोबरी झालेली नाही!"

मेघनाला हसू आवरेना. "काका, त्या कंपन्यांकडे आठ पदरी रस्ते आहेत. पण तिथपर्यंत पोचायला आधी आपल्या गल्लीतून बाहेर पडायला लागतं ना? आपली वायर एवढीशी. तुम्ही इथून विमानतळावर जा नाही तर राणीच्या बागेत, भारतमाताच्या सिग्नलला सगळे सारखेच अडकणार."

गर्दी पांगली. जाईबाईंनी "पिवळी हरली नाही, हे लक्षात ठेवा," असं बजावून डंक चालू केला. अच्युतराव थोडा वेळ खिन्न बसून राहिले, मग शिंकले आणि ताठ झाले. "ठीक. वेग बाद. आता फक्त किंमत."

किमतीत मात्र त्यांची कळी खुलली. तिघींत पिवळी सगळ्यात स्वस्त निघाली. पिवळीच्या गोदामात तीन प्रकारच्या जागा होत्या. मेघनाने त्यांना नावं दिली: तळमजला, माळा आणि फ्रीजर. तळमजला महाग, माळा मध्यम, आणि फ्रीजर इतका स्वस्त की अच्युतरावांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. आत टाकायला तर काहीच पैसे नव्हते.

"हितेंद्र, ह्या भावात तर तुमच्या फ्रिजचं लाइटबिलसुद्धा येत नाही!"

"काका, पण एक मिनिट," मेघना म्हणाली. "फ्रीजरमधून बाहेर काढायला..."

"काढायचंय कोणाला? आपल्याला ठेवायचंय."

"अहो, पण कधी लागलं तर..."

"काढायचंच नाही, हेच तर मला पाहिजे," बकुळा म्हणाली. ती डबा द्यायला आली होती आणि एवढं ऐकून फार समाधानी झाली होती. तेवढ्यात मेघनाला ऑफिसचा फोन आला, ती बोलत बोलत बाहेर गेली, आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं.

सगळा माल चढवायला अख्खा उन्हाळा लागला. एकीकडे गिऱ्हाइकं आणि एकीकडे दिवसभर ती पिवळी पट्टी. हितेंद्र सकाळी एक डिस्क घरून न्यायचे, संध्याकाळी रिकामी करून आणायचे. शेवटची डिस्क झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी बकुळाने कॉम्प्युटरचं भंगार घेणाऱ्याला बोलावून सगळ्या डिस्क देऊन टाकल्या आणि त्या जागी कढया ठेवल्या. हितेंद्र घरी आले आणि पाणी प्यायला फ्रिज उघडला. भाजीच्या कप्प्यात कोथिंबीर एकटीच पडली होती. त्यांना उगाचच कसंतरी झालं. पण बकुळा गुणगुणत पोळ्या लाटत होती, म्हणून त्यांनी पाण्याची बाटली काढली आणि फ्रिज लावून टाकला.

मार्गशीर्षात अच्युतराव आणि मीनाक्षीताईंच्या लग्नाला पस्तीस वर्षं पुरी होत होती. दादरला एक छोटा हॉल घेतला. जवळची माणसं, जेवण, आणि मुख्य कार्यक्रम म्हणजे मोठ्या पडद्यावर लग्नाचा व्हिडिओ. हितेंद्रांनी आयुष्यात काढलेलं ते पहिलं लग्न. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि कॅमेरा भाड्याचा होता. ती कॅसेट बघायची सगळ्यांचीच राहून गेली; पुढे हितेंद्रांनी ती न बघताच कॉम्प्युटरवर घेतली, आणि बाकीच्या लग्नांबरोबर तीही पिवळीच्या फ्रीजरमध्ये गेली.

लोकांना व्हिडिओत बघायची होती ती एकच गोष्ट, चिंतामामांचं रुसणं. चिंतामणी हे मीनाक्षीताई आणि बकुळाचे सख्खे मामा, चिंचपोकळीला राहणारे, गिरणीतून सुटलेले, आता चौऱ्याऐंशीचे पण अजून काठीशिवाय चालणारे. भाचीला मांडवात आणलं आणि नंतर अख्खं लग्न मामा एका खांबाला पाठ लावून, तोंड फुगवून उभे राहिले, फोटोला आले नाहीत, पंगतीला बसले नाहीत, त्यांच्यापायी जेवणं उशिरा झाली, ही हकिकत अच्युतराव प्रत्येक समारंभात रंगवून सांगत. का रुसले? मानाचा फेटा दिला नाही म्हणून, असं अच्युतराव म्हणत. मामांनी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. पण तेव्हापासून कुठल्याही लग्नात त्यांना सगळ्यात आधी फेटा, सगळ्यात आधी नारळ आणि सगळ्यात आधी पान मिळायचं. न जाणो, पुन्हा रुसले तर!

"मंडळी, आता स्वतःच्या डोळ्यांनी बघा!" अच्युतरावांनी माइक हातात घेऊन घोषणा केली. "हितेंद्र, होऊ द्या सुरू!"

हितेंद्रांनी लॅपटॉपवर फाइल शोधली आणि दाबलं. पडद्यावर व्हिडिओऐवजी इंग्रजीत दोन ओळी आल्या. त्यांनी पुन्हा दाबलं. त्याच ओळी. हॉलमधले सगळे त्या ओळी मन लावून वाचायला लागले.

"मेघना," हितेंद्र दबक्या आवाजात म्हणाले, "हे काय म्हणतायत?"

मेघना पुढे आली. "म्हणतायत, तुमची विनंती मिळाली. फाइल बारा तासांत तयार होईल."

"बारा तास? व्हिडिओ दीड तासाचा आहे!"

"पप्पा, ती फ्रीजरमध्ये आहे. मी तेव्हा हेच सांगत होते. त्यांच्या गोदामात कुठे खोल कोपऱ्यात ठेवलेली असते, ती शोधून बाहेर आणायला वेळ लागतो. म्हणून तर स्वस्त."

"मग जास्त पैसे घ्या म्हणावं, पण आत्ता द्या."

"ह्या फ्रीजरला घाई चालतच नाही."

अच्युतराव माइक हातात धरूनच ऐकत होते, त्यामुळे त्यांचं पुढचं वाक्य सगळ्या हॉलने ऐकलं. "पण मी वेगाची तुलना केली होती!"

"टाकायच्या वेगाची केलीत, काका," मेघना म्हणाली. "काढायच्या नाही केलीत."

हितेंद्रांना वाटलं, जमिनीखाली जावं. पस्तीस वर्षांत त्यांनी कोणाचं लग्न बुडवलं नव्हतं. पाऊस, वीज जाणं, मुंडावळ्या हरवणं, सगळ्यांतून त्यांनी कॅसेट सुखरूप आणली होती. आणि आज घरच्याच माणसाचं लग्न वर अडकलं होतं आणि खाली उतरत नव्हतं. ते उगीचच वायरी काढून पुन्हा लावत बसले.

तेवढ्यात बकुळा उठली. तिने पदर खोचला, स्टेजवर गेली आणि पडदा स्टँडवरून सोडवायला लागली.

"अगं, काय करतेस?" हितेंद्र दचकले.

"नाही तरी ह्याच्यावर काही दिसत नाहीये. धरा तिकडचं टोक. लग्न व्हिडिओत नाही, तर इथे लावू. नवरा-नवरी हजर आहेत, मामा हजर आहे, आणखी काय पाहिजे?"

आणि खरोखरच अंतरपाट म्हणून तो पांढरा पडदा धरला गेला. तो इतका मोठा होता की एका बाजूला अच्युतराव आणि दुसऱ्या बाजूला मीनाक्षीताई, दोघंही पार दिसेनासे झाले. अक्षता नव्हत्या, म्हणून वाट्यांतला चिवडा वाटला गेला. बकुळाने मंगलाष्टकांना सूर लावला. अर्ध्यात शब्द विसरल्यावर तिने आरतीचे शब्द त्याच चालीत बसवले, आणि 'सावधान'ला सगळ्यांनी एवढ्या जोराने चिवडा उधळला की अच्युतरावांच्या कानात शेंगदाणा गेला.

"मामा!" मीनाक्षीताई पडद्याआडून ओरडल्या. "तू रुस ना!"

चिंतामामा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, हळूच उठले, हॉलच्या खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि तोंड फिरवलं. टाळ्या पडल्या. दोघं त्यांना समजवायला गेले. मामांनी त्यांना झिडकारलं. चौघं गेले. मामांनी नारळ परत केला. आईस्क्रीम दिलं, तेही परत केलं, मग जरा विचार करून घेतलं. असं रुसणं कोणी जन्मात पाहिलं नव्हतं. जेवणाच्या वेळी लोक अच्युतरावांना सांगत होते की व्हिडिओ लागला नाही तेच बरं झालं. हितेंद्रांना मात्र घास गेला नाही. गोदामातला कुठलातरी माणूस हातात टॉर्च घेऊन मीनाक्षीताईंचं लग्न शोधत फिरतोय, असं त्यांच्या डोळ्यांसमोर सारखं येत होतं.

सकाळी फाइल आली. आता सगळ्यांना खरं लग्न बघायची हौस आली होती, म्हणून नाश्त्यालाच सगळे लालबागला जमले. दोन खोल्यांत दाटीवाटीने बसून, कांदेपोह्यांच्या बश्या मांडीवर घेऊन, टीव्हीवर पस्तीस वर्षांपूर्वीचं लग्न सुरू झालं. चित्रावर आडव्या रेघा पडत होत्या, पण माणसं ओळखू येत होती. अच्युतराव काळ्याभोर केसांचे आणि काडीसारखे बारीक. मीनाक्षीताई तर काय सांगावं! मामा भाचीला घेऊन आले, तिला पाटावर उभं केलं आणि सरळ मागे मागे सरकत खांबाला जाऊन टेकले.

"बघा, बघा!" अच्युतराव म्हणाले. "फुगला चेहरा!"

चेहरा फुगला होता खरा. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला, सगळे अक्षता टाकायला वळले. मामांनीही न राहवून खांब सोडला, मूठभर अक्षता घ्यायला पाठ फिरवून बाजूच्या तबकात हात घातला, आणि नेमका तेवढ्यात कॅमेरा त्यांच्यावर आला. त्यांची फिकट रंगाची पँट मागून वरपासून खालपर्यंत उसवली होती आणि आत निळ्या पट्ट्यापट्ट्यांची चड्डी दिसत होती.

मेघनाने चित्र थांबवलं. सगळ्यांनी हळूहळू चिंतामामांकडे पाहिलं.

"माका रुसूक वेळ खय होतो?" मामा म्हणाले. "भाचयेक पाटावर उभा करूक वाकलंय आणि फाटली. मग काय करतलंय? खांबाक धरून ऱ्हवलंय."

"अरे मामा, मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?" बकुळाने विचारलं.

"काय सांगूचा? पँट फाटली म्हणान? त्यापेक्षा रुसललो बरो. मान तरी मिळता."

हसून हसून मीनाक्षीताईंच्या बशीतले पोहे सांडले. पण हसता हसता त्या मध्येच थांबल्या. "मग जेवणं कोणामुळे उशिरा झाली?"

मेघनाने व्हिडिओ पुढे सोडला. पंगतीच्या जागी नवरदेव खुर्चीवर हाताची घडी घालून बसला होता. समोर आईस्क्रीमचा कप होता. चार मोठी माणसं वाकून त्याची समजूत काढत होती. आवाज खरखरत होता, पण स्पष्ट ऐकू येत होता. "पिस्ता ठरलं होतं! पिस्ता म्हणजे पिस्ता! हे आंब्याचं आहे!"

अच्युतराव चष्मा काढून पुसत राहिले. ते इतका वेळ पुसत होते की शेवटी बकुळानेच त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले.

"म्हणजे तुम्ही पस्तीस वर्षं आमच्या मामाच्या नावावर..." मीनाक्षीताई म्हणाल्या.

"मला खरंच आठवत नव्हतं गं," अच्युतराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की हितेंद्रांना त्यांची दया आली. मग त्यांनी चष्मा लावला, पडद्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "पण पिस्ताच ठरलं होतं. मी तीन दुकानांचं चाखून ठरवलं होतं."

ह्यानंतर अच्युतरावांनी झाल्या गोष्टीची भरपाई म्हणून हितेंद्रांसाठी नवी तुलना केली, आणि ह्या वेळी मेघनाला तिचं प्रत्येक वाक्य पूर्ण करू दिलं. टाकायला किती, ठेवायला किती, काढायला किती, आणि काढायला वेळ किती, सगळं विचारलं. दोन वर्षांच्या आतली लग्नं तळमजल्यावर आली, कारण नवीन जोडपी सारखी व्हिडिओ मागतात. जुनी फ्रीजरमध्येच राहिली, कारण जुनी जोडपी मागत नाहीत. दुकानाच्या पाटीवरचा पासवर्ड खोडून तिथे हितेंद्रांनी लिहिलं, 'जुने लग्न पाहिजे असल्यास दोन दिवस आधी सांगावे.' लोक ती पाटी वाचून जरा घुटमळतात.

नुकसान झालं ते चिंतामामांचं. पँटची गोष्ट चिंचपोकळीला पोचायला दुपार झाली नाही. पुढच्याच आठवड्यात भायखळ्याला एक लग्न होतं, तिथे त्यांना फेटा मिळाला तो शेवटी, तोही डोक्यापेक्षा लहान, आणि नारळाच्या वेळी कोणीतरी त्यांना सेफ्टी पिन देऊ केली. मामा न जेवता घरी गेले. आता ते खरोखर रुसले आहेत, पण समजवायला कोणी जात नाही, फक्त अच्युतराव दर शनिवारी पिस्ता आईस्क्रीम घेऊन जातात आणि दोघं मुकाट्याने खातात.

त्या सकाळी मात्र सगळे निघून गेल्यावर खोलीत हितेंद्र आणि बकुळा दोघंच उरले. ती बश्या गोळा करत होती. व्हिडिओ अजून चालूच होता. मघाशी वगळलेला मधला भाग मेघनाने जाताना लावून दिला होता. बकुळा बश्या हातात धरून मध्येच थांबली. टीव्हीवर गजरा माळलेली एक मुलगी सरबताचा ट्रे घेऊन माणसांतून चालली होती. कॅमेरा तिच्या मागे मागे. तिने एका म्हातारबाबांना ग्लास दिला, कॅमेरा तिथेच. मागे कुठेतरी सप्तपदी चालल्याचा आवाज येत होता, पण सप्तपदी दिसत नव्हती. नवरीची धाकटी बहीण दिसत होती.

"ह्यात ताईचं लग्न कुठे आहे?" बकुळाने विचारलं.

"आहे ना. जरा बाजूला आहे," हितेंद्र म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला. "तिकडे उजेड चांगला होता."

"सरबताच्या ट्रेवर?"

"हो. स्टीलचा होता."

बकुळा बश्या खाली ठेवून त्यांच्या शेजारी बसली. ट्रेवाल्या मुलीचा पाय सतरंजीत अडकला, दोन ग्लास कलंडले, तिने घाबरून इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ कॅमेऱ्यात पाहून जीभ चावली. बकुळा पोटभर हसली.

"जरा मागे घ्या," ती म्हणाली.